प्राध्यापक मोर्लो आणि दुधट स्फटिक

फ्रान्समधल्या एका डोंगराळ शहरात ओगुस्तँ मोर्लो नावाचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक राहत होते. त्यांचा जन्म समुद्रकाठच्या मिठागरांजवळचा. उन्हात आटणाऱ्या पाण्यातून मिठाचे चौकोनी खडे तयार होताना त्यांनी लहानपणी तासन् तास पाहिले होते. पुढे शिकून ते विद्यापीठात आले आणि स्फटिकांचा अभ्यास हेच त्यांचे आयुष्य झाले.

बऱ्याच वर्षांच्या खटपटीनंतर त्यांनी एका क्षारापासून काचेसारखे लखलखीत, लांबट स्फटिक तयार केले. हे स्फटिक दाबले की त्यांतून किंचित वीज निघे. तिचा उपयोग करून बहिऱ्या माणसांना ऐकू येईल असे यंत्र बनवता येईल, अशी आशा निर्माण झाली. प्राध्यापकांचे नाव सगळीकडे झाले. पॅरिसहून मोठे विद्वान हे स्फटिक पाहायला येणार असे ठरले.

आणि नेमके त्याच हिवाळ्यात विपरीत घडले. भांड्यांत नेहमीचे लखलखीत स्फटिक येईनात. त्यांच्या जागी बुटके, दुधट खडे येऊ लागले. प्राध्यापकांनी भांडी उकळून घेतली, पाणी बदलले, क्षार नवा आणला. तरी तेच. दाबून पाहिले, तर वीजही नाही.

“कुणीतरी मुद्दाम काहीतरी मिसळतंय,” ते स्वतःशी म्हणाले.

त्यांनी प्रयोगशाळेचे कुलूप बदलले. किल्ली गळ्यात बांधली. कुणी “काम कसं चाललंय?” असे विचारले, तर हा का विचारतो म्हणून ते दिवसभर कुढत.

प्रयोगशाळेत त्यांच्यासोबत सोलांज वेर्दिए नावाच्या प्राध्यापिका काम करीत. हुशार आणि मितभाषी. मोर्लो निवृत्त झाले की त्यांची जागा सोलांजबाईंना मिळेल, असे लोक बोलत. हे बोलणे मोर्लोंना आता आठवले आणि मनात रुतून बसले. त्यांनी सामानाच्या कपाटाला एक बारीक धागा बांधून ठेवला. सकाळी पाहिले तर धागा शाबूत, पण स्फटिक दुधटच.

‘म्हणजे धागा तिच्या लक्षात आला,’ त्यांनी ठरवून टाकले. ‘किती सावध आहे बघा!’

एके दिवशी सोलांजबाईच त्यांच्याकडे आल्या. “मला वाटतं, कुणी काही मिसळत नाहीये. एकच पदार्थ दोन आकारांत गोठू शकतो. हा दुसरा आकार एकदा जन्मला की त्याची धूळ हवेत पसरते. एक कण जरी भांड्यात पडला, तरी सगळं द्रावण त्याच्यासारखंच गोठतं. दोष या खोलीतच आहे.”

“खोलीत तर तुम्हीच असता,” मोर्लो म्हणाले.

सोलांजबाई आपली छत्री घेऊन निघून गेल्या.

मोर्लोंनी कुलगुरूंकडे तक्रार केली. एवढ्या नामवंत माणसाच्या शब्दावर पुरावा कोण मागणार? सोलांजबाईंची नोकरी गेली. दूरच्या एका शहरात त्या मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या.

पण स्फटिक काही सुधारले नाहीत. मोर्लोंचा संशय आता झाडूवाल्यावर गेला, मग क्षार विकणाऱ्या दुकानदारावर. विद्यापीठातले लोकही एकमेकांकडे तिरक्या नजरेने पाहू लागले.

शेवटी त्यांनी आपला बालमित्र रेमी याला पत्राने सगळी रीत कळवली. रेमी समुद्रकाठी एका शाळेत मास्तर होता. थोड्याच दिवसांत त्याचा निरोप आला: स्फटिक लखलखीत आले आहेत.

“बघा! माझ्याकडे घातपातच होतोय!” मोर्लो आनंदाने ओरडले आणि प्रयोगशाळेतून तडक स्टेशनवर गेले.

रेमीच्या खिडकीत स्फटिकांची रांग चमकत होती. मोर्लोंनी एकेका भांड्यावर वाकून ते डोळे भरून पाहिले. रेमीने त्याच संध्याकाळी नवे द्रावण लावले. सकाळी पाहतात तो सगळी भांडी दुधट खड्यांनी भरलेली.

रेमी गोंधळून गेला. “काल इथे तुझ्याशिवाय कुणीच आलं नव्हतं रे.”

मोर्लोंनी कोटाची बाही काळ्या कागदावर झटकली आणि भिंगातून पाहिले. कागदावर बारीक, दुधट कण पडले होते.

रेमीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “मी कुणाला सांगणार नाही. माझ्या हातूनच काही बिघडलं असं म्हण.”

पॅरिसचे पाहुणे आठवडाभरात येणार होते. आयुष्यभराची कीर्ती पणाला लागली होती.

ते परतले आणि पाहुण्यांसमोर, भरल्या सभेत उभे राहिले. “सोलांजबाईंचं म्हणणं बरोबर होतं. मी जो चोर शोधत होतो, तो मीच होतो. ती धूळ मी अंगावर घेऊन फिरत होतो,” ते म्हणाले.

विद्यापीठाने सोलांजबाईंना परत बोलावले. त्या आल्या नाहीत. तेव्हा मोर्लो स्वतः त्यांच्या दारी गेले आणि त्यांनी हात जोडून माफी मागितली.

“स्फटिकांबाबतची चूक कुणाचीही झाली असती,” सोलांजबाई म्हणाल्या. “पण मी कारण सांगत होते, तेव्हा तुम्ही माझं ऐकत नव्हतात. माझ्या हातांकडे बघत होतात. त्या खोलीत मला आता पुन्हा काम करता येणार नाही.”

मोर्लोंनी मान खाली घातली.

“तिथले सगळे कपडे टाकून आले, आता इथेच स्फटिक वाढवतेय,” त्या जरा मऊ आवाजात म्हणाल्या. “छान आलेत. आत येऊन बघता?”

“नको,” मोर्लो म्हणाले. “मी आत येणार नाही.”

ते रस्त्यावर गेले आणि बंद खिडकीच्या काचेतून, थंडीत कुडकुडत, ते स्वच्छ स्फटिक पाहत उभे राहिले. पुढे बहिऱ्यांसाठीचे पहिले यंत्र त्याच स्फटिकांपासून तयार झाले.

तात्पर्य: संशयाने पछाडलेला माणूस जगाचे हात तपासतो आणि स्वतःचे तेवढे विसरतो. चूक कबूल केली की सत्य परत मिळते, पण गमावलेला विश्वास परत मिळेलच असे नाही.