राजाची गूळतुला

एक होता राजा. सुमंत त्याचं नाव. गोदे, पांघरूण ओढू नकोस, गोष्ट आत्ताच सुरू झाली.

त्या राज्यात एक रीत होती, बरं का. राजाच्या वाढदिवसाला मोठा तराजू मांडायचे. एका पारड्यात राजा, दुसऱ्यात गूळ. राजाच्या वजनाइतका गूळ गावोगाव वाटायचा. मग लोकांना काय वाटणार? राजा जड, तर गूळ जास्त. राजा कुठेही गेला की बाया ताट घेऊन पुढे. "अजून एक घ्या महाराज, माझी शपथ!" वाईट नव्हते हो लोक. प्रेमानंच करायचे.

मग काय झालं, राणी तापानं गेली. राजा रडला नाही. राजानं रडायचं नसतं, असं कुणीतरी त्याला लहानपणी सांगून ठेवलं होतं. राणीचं नाव महालात कुणी काढेना. राजा संध्याकाळी एकटाच पानावर बसायचा, आणि उठायचाच नाही. लाडू झाले, अनारसे झाले, वर वाटीवर वाटी बासुंदी. पोट केव्हाच भरायचं, हात थांबत नसे.

वाढदिवसाला पारडं धप्पकन जमिनीला टेकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. राजवैद्यांनी मान खाली घातली. म्हणाले, "महाराज, छातीवर फार भार आलाय. असंच चाललं तर शेवंतीताई पोरक्या होतील."

शेवंती राजाची एकुलती एक लेक. दुधाचे दात पडत होते तिचे. आई तर गेलीच होती.

मग त्यानं भर दरबारात तलवारीवर हात ठेवून शपथ घेतली, गोडाला शिवणार नाही. पाळली हो, चांगली पाळली. मग आली संक्रांत. एका म्हातारीनं त्याच्या हातावर तिळाची वडी ठेवली. राजानं ती तोंडात टाकली. एकच वडी! पण राजा म्हणाला, "मोडली शपथ. आता काय राहिलं?" आणि अख्खी परात संपवून उठला. अरे, वडीनं काय बिघडणार होतं? बिघडवलं ते त्या 'आता काय राहिलं'नं.

मग त्यानं मुदपाकखान्याला कुलूप घातलं. किल्ली दिली प्रधानाकडे. झालं! दिवसभर डोक्यात खाणंच. न्यायाला बसला तरी समोरचा काय बोलतोय ते कळेना, मनात जिलबीच. संध्याकाळी म्हणाला, "प्रधानजी, आणा ती किल्ली." राजानंच मागितल्यावर नाही कोण म्हणणार?

मग त्यानं दवंडी पिटवली. राजाला जो खाऊ घालेल, त्याला हद्दपार! महालातली मोठी चूल विझली. पंगती बंद, हसणंबोलणं बंद. शेवंतीपुरतं ताट तेवढं मागच्या दारानं यायचं. आणि राजा? तुलेसाठी साठवलेला गूळ कोठारात जाऊन खायचा. आपल्याच घरात चोर! खाऊन झालं की स्वतःला शिव्या द्यायचा, आणि शिव्या देऊन दमला की पुन्हा खायचा. मला त्याची फार कीव येते बाई.

एके दिवशी शेवंती अंगणात खेळता खेळता चक्कर येऊन पडली. राजा धापा टाकत आला. तिला मांडीवर घेतलं. दासी रडत म्हणाली, "महाराज, ताई जेवतच नाहीत. पान तसंच परत येतं."

"का गं बाळ?"

"मी देवाला सांगितलंय," शेवंती म्हणाली, "मी जेवणार नाही, पण आबांना माझ्याजवळ ठेव."

मग तिनं विचारलं, "आबा, तुम्हाला एवढी भूक लागते का हो?"

"नाही गं. मला तुझ्या आईची आठवण येते."

"मला पण येते," ती म्हणाली. "पण तिचं नाव घेतलं की सगळे गप्प होतात."

मग राजा रडला. लेकीला पोटाशी धरून, सगळ्या नोकरचाकरांसमोर रडला. मग त्यानं दवंडी मागे घेतली, चूल पेटवायला सांगितली. त्या दिवसापासून बापलेक शेजारी शेजारी पाट मांडून जेवू लागले. वरणभात, भाकरी, भाजी, आणि सणावाराला गोडही. जेवताना आईच्या गोष्टी निघायच्या. कधी हसू यायचं, कधी रडू. राजा हळूहळू पोट भरलं की उठायला शिकला.

मग पुन्हा तुला झाली. पारडं हलकं, गूळ थोडा. लोकांचे हात टाळ्यांना उठेनात. मग ती तिळाच्या वडीची म्हातारी म्हणाली, "गूळ थोडा असू दे. राजा आम्हाला पुष्कळ दिवस हवाय." तेव्हा कुठे लोकांना कळलं, इतकी वर्षं आपण कशाला टाळ्या वाजवत होतो ते.

पुढे राजा सुधारला तो सुधारलाच, असं नाही हं. दिवाळीत त्यानं करंज्यांवर ताव मारला. डबा रिकामा झाला तसा चेहरा पडला. म्हणाला, "शेवंते, हरलो गं मी. सगळं वाया गेलं."

शेवंती करंजीचं सारण चाटत होती. तिला कळेचना यात रडण्यासारखं काय आहे. म्हणाली, "पण आबा, उद्या सकाळी भाकरी खायला आपण बसणारच ना?"

राजानं रिकामा डबा बाजूला सारला. मग म्हणाला, "बसू की."

आणि सकाळी बसला. असाच पुढे कितीदा चुकला आणि कितीदा पुन्हा बसला. शेवंतीचं लग्न त्यानं डोळे भरून पाहिलं.

चला, मिटा डोळे. आणि कुणाची आठवण येत असेल, तर आधी मला सांगा, मग झोपा.