माठ आणि गणिताचा तास

एका गावात एक शाळा होती आणि शाळेच्या ओसरीवर गार पाण्याचा माठ होता. माठ सगळ्यांचा, असं गुरुजी सांगत. फक्त टेकडीपलीकडच्या वस्तीतल्या पोरांनी त्याला शिवायचं नाही, एवढंच. कुणी वरून ओतलं तर प्यायचं. पण मधल्या सुट्टीत सगळी मुलं खेळायला पळत. ओतायला वेळ कुणाला होता?

त्या वस्तीतली एकच मुलगी शाळेत येई, येसू. सुट्टी झाली की ती पाणी प्यायला टेकडी ओलांडून घरी जाई. परत येईपर्यंत गणिताचा तास संपलेला असे. एकदा कोरड्या घशाने बसून पाहिलं, तर घेरी आली. मग तिने घरून तांब्या आणला. पोरांनी तो लाथेने उडवला, आणि भांडण नको म्हणून गुरुजींनी तांब्यालाच बंदी घातली.

वडिलांनी येसूला बजावलं होतं, पास झालीस तर शाळा, नाहीतर वीटभट्टी. म्हणून तिची आई धुरपदा एक दिवस शाळेच्या पायरीखाली येऊन उभी राहिली.

"गुरुजी, गणित तेवढं सकाळच्याला घ्या. सुट्टीपतूर कळ काढंल पोरगी."

गुरुजी काही दुष्ट नव्हते. त्यांनी आवाजही चढवला नाही.

"एका पोरीसाठी सगळ्या शाळेचं वेळापत्रक बदलायचं का, बाई?"

धुरपदा आली तशी परत गेली.

परीक्षेत येसूने कविता घडाघडा म्हटल्या, धडा न अडखळता वाचला. गणिताची पाटी मात्र कोरीच राहिली. यांच्या डोक्यात आकडे शिरतच नाहीत, असं गुरुजी चारचौघांत म्हणाले. गावाने माना डोलावल्या. आपला जुना समज खरा ठरला की माणसाला फार बरं वाटतं. येसू भट्टीवर विटा वाहू लागली.

पुढच्या वर्षी पाटलांचा धाकटा शाळेत आला. दुपारी जेवण झालं की त्याला गणिताच्या तासाला पेंग येई. पाटलांनी सहज बोलता बोलता विषय काढला, आणि दुसऱ्याच दिवशी गुरुजींनी गणित सकाळी घेतलं.

आजही तिथं गणित सकाळीच असतं. टेकडीपलीकडून मात्र कुणी येत नाही. का, म्हणून विचारलं तर गाव सांगतं, त्यांना शिकायची आवडच नाही.

तात्पर्य: मुलाची शाळेची वाट आपणच अडवायची आणि मग त्यालाच मठ्ठ ठरवायचं, याच्याइतकी नीच लबाडी दुसरी नाही.