तीन सेकंदांची बचत

मिरजेच्या कुमुदिनी रेगेबाई शाळेत गणित शिकवायच्या. त्यांचा कॉम्प्युटर इतका रेंगाळू लागला, की प्रश्नपत्रिका वेळेत होईनात. जुनी डिस्क काढून वेगवान एसएसडी बसवायची ठरवून त्या बाजारातल्या कॉम्प्युटरच्या सर्वांत मोठ्या दुकानात गेल्या. मालक दिनकरशेठ सगळ्यांत महागडी एसएसडी पुढे करून पाऊण तास बोलत राहिले. शेवटी म्हणाले, "बाई, तुम्हाला यातलं कळायचं नाही. हीच घ्या!"

बाईंनी कुतूहलानं विचारलं, "साध्या एसएसडीपेक्षा हिच्यानं कॉम्प्युटर किती लवकर सुरू होईल हो?"

"चक्क तीन सेकंद!"

"मी तो दिवसातून एकदाच सुरू करते. म्हणजे तुम्ही घेतलेला माझा पाऊण तास भरून यायला नऊशे दिवस लागतील!"

शेठनी महागडी एसएसडी परत कपाटात ठेवली आणि साधी काढून दिली.