ताडपत्रीचं कुबड

वस्तू बोलत आणि माणसं त्यांचं ऐकतसुद्धा, तेव्हाची गोष्ट. पावसाळा जवळ आला म्हणून चांगा नाखवाने होडी किनाऱ्यावर ओढली आणि तिच्यावर नवी ताडपत्री ताणली.

होडीतलं वल्हं म्हणालं, "मला मधोमध उभं करा. ताडपत्रीला जरा उतार मिळेल."

"आणि मला कुबड येईल, त्याचं काय?" ताडपत्री म्हणाली. "मी सपाटच छान दिसते. एक थेंब खाली जाऊ देणार नाही."

होडीला तिचा रुबाब आवडला. नाखवाने वल्हं तळाशी ठेवलं आणि दोऱ्या आवळल्या.

ताडपत्रीने शब्द पाळला. आठ दिवसांच्या पावसात एक थेंबही खाली गेला नाही, सगळं पाणी तिच्याच पोटावर साचलं. त्यात बेडूक राहायला आले. दोऱ्या करकरू लागल्या, होडी कण्हू लागली.

"वल्हेदादा," ताडपत्री हळूच म्हणाली, "जागे आहात ना?"

"मी जागाच आहे. नाखवाला हाक मार."

नाखवा आला. वल्ह्याच्या टोकाला चिंधी बांधून त्याने ते मधोमध उभं केलं. पाणी दोन्ही बाजूंनी धो धो वाहून गेलं, बेडूक कुरकुरत गेले.

पुढच्या वर्षी घडी उलगडताच ताडपत्रीने आधी विचारलं, "माझं कुबड कुठंय?"