तिवड्याजवळची जागा

विषय : मळणीच्या पातीत बाहेरची जागा मिळण्याबाबत.
अर्जदार : पोवळ्या, वय झालेला बैल.

फार पूर्वी, बैलही अर्ज करीत त्या काळी, पोवळ्याने हा अर्ज खळ्याच्या मधोमध रोवलेल्या खांबाकडे, म्हणजे तिवड्याकडे दिला. जो जागचा हलत नाही तोच साहेब, असा त्याचा अंदाज होता. तक्रार एवढीच, की कणसे तुडवत बैलांची पात गोल फिरते, तेव्हा त्याला कायम आत, तिवड्याला खेटून जुंपतात.

"शोभेला ठेवलंय मला," तो म्हणाला.

"मग माझ्या जागी या, आबा," बाहेरच्या टोकाचा नातू तुऱ्या म्हणाला.

पोवळ्या ऐटीत बाहेर गेला. बाहेरच्याला धावावे लागते, हे त्याला पहिल्याच फेरीत आठवले. तोंडाला फेस आला. आत तुऱ्या सवयीने धावला आणि दाव्यासकट तिवड्याला गुंडाळला गेला. सगळी पात खोळंबली.

"आबा, आत या हो! इतकं हळू चालायला मला नाही जमत."

"बघतो, गुडघ्यांना विचारून सांगतो," म्हणत पोवळ्या उत्तराची वाट न पाहता आत आला. पात पुन्हा फिरू लागली.

अर्ज मागे घेतलेला नाही. तो तिवड्याकडे प्रलंबित आहे. अर्जदार दिवसभर तिवड्याभोवतीच फिरतो, पण चौकशी करीत नाही.