पूर्वकोठीतली आग

“पण सर, कोठीची भोकं मोठी केली, तर आग जास्त बाहेर यायला हवी ना?”

प्रद्युम्न काणे अजून प्रमुखाच्याच आवाजात बोलत होता. मालशे सरांनी त्याला इंजिन शिकवलं होतं. आता सर निवृत्त, आणि चाचणी विभागाची खुर्ची त्याच्याकडे. तेव्हापासून मान काही खाली येत नव्हती. आज मात्र अडलं म्हणून त्यानंच सरांना आपल्या खोलीत बोलावलं होतं.

“आधी सांग, ती कोठी कशासाठी?”

“सिलिंडरमधलं मिश्रण पातळ, इंधन कमी. नुसत्या ठिणगीनं पेट घेत नाही. म्हणून वर अंगठ्याएवढी कोठी. तिच्यात जरा दाट मिश्रण पेटवायचं. मग भोकांतून ज्वाळा सुटतात आणि...”

“फुंकर मार.”

टेबलाच्या पलीकडच्या कडेला एक वाळकं पान पडलं होतं. प्रद्युम्न ओशाळला.

“तोंड मोठं उघडून.”

त्यानं ‘हा’ केलं. पान जागचं हललं नाही.

“आता ओठ आवळून.”

पान उडून भिंतीपाशी पडलं.

...

रुंद भोकांतून ज्वाळेचा जोरच जातो, हे कळताच प्रद्युम्नचा चेहरा उतरला. आठवड्यापूर्वी इंजिन आचके देऊन बंद पडलं, तेव्हा साऱ्या विभागादेखत त्यानं खापर ललिता घुगेवर फोडलं होतं. मिश्रणाचा हिशेब तिचा होता. भोकं रुंद करायचा हट्ट मात्र त्याचा. नाचता येईना, अंगण वाकडं! ललितानं राजीनामा दिला. आज तिचा शेवटचा दिवस.

“ललिताचा हिशेब बरोबर होता, सर,” तो पुटपुटला. “चूक माझी. मेल्याहून मेल्यासारखं झालंय.”

“हं.”

“तिला इथं बोलावतो. माफी मागतो.”

“इथं?”

“सगळ्यांसमोर... जीभ रेटत नाही, सर.”

सरांनी उघड्या दाराकडे पाहिलं. दाराबाहेरच्या दालनात सगळे चहाला जमले होते. हसणं ऐकू येत होतं. कोपऱ्यात ललिता आपला खण रिकामा करत होती. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

प्रद्युम्ननं ते पाहिलं. लाजेनं त्याचे कान तापले. आपलं बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून तो उठला आणि दार लोटू लागला.

सरांनी दारात पाय घातला.

“सर...”

“इथं पेटलंय खरं,” मालशे सर म्हणाले. “पण गाडी तिकडं अडलीय.”