एका पानाची गोडी

एका राज्यात मंगलसेन नावाचा राजा राज्य करी, आणि त्या राज्यात तोंड गोड झाल्यावाचून कुठलीही गोष्ट पक्की होत नसे. लग्न ठरो, तह होवो, कुणाची गाय विवो; राजाने बातमी आणणाऱ्याच्या तोंडात साखर घालायची, त्याने राजाच्या तोंडात घालायची, मग ती गोष्ट खरी. साखरेवाचून ठरलेलं लग्न वरातीआधी मोडे, साखरेवाचून झालेला तह दिवस मावळायच्या आत फिसकटे. आणि साखर घालायची ती मूठभर. चिमटीने घालणाऱ्याला लोक कवडीचुंबक म्हणत. त्या राज्यात चोर म्हटलेलं एकवेळ चाले, कवडीचुंबक म्हटलेलं चालत नसे.

एवढी साखर आणायची कुठून? एकदा शिकारीत वाट चुकून राजा डोंगरापल्याडच्या कडूबाईच्या मळ्यात शिरला. कडूबाई चेटकीण होती. तिच्या आईची आधीची मुलं जगली नव्हती, म्हणून दृष्ट लागू नये असं हिचं नाव ठेवलं. आणि ही जगली ती चांगली तीनशे वर्षं. तिने दमलेल्या राजापुढे हिरव्या पाल्याचा काढा ठेवला. राजा म्हणाला, पाला आमच्याकडे शेळ्या खातात. ओसरीवर साखरेचा एक रांजण होता, कितीही उपसला तरी काठोकाठ भरलेला. राजाने तो न विचारता घोड्यावर घातला.

कडूबाईने अडवलं नाही. एवढंच म्हणाली, "ने. खाशील तसा साखर होशील. ज्या दिवशी तुझ्या भरल्या दरबाराचं तोंड गोड होईल आणि साखरेचा कणही खर्चणार नाही, त्या दिवशी सुटशील."

राजाने घरी यातलं काही सांगितलं नाही. रांजण नजराणा म्हणून मिळाला, अशी थाप मारली.

आधी राजाच्या पायाची करंगळी पांढरी झाली, मग पाऊल, मग गुडघा. स्वच्छ, पैलूदार खडीसाखर. राजवैद्यांनी नाडी पाहिली, ग्रंथ पाहिले, एकमेकांकडे पाहिलं. मुंग्यांना मात्र निदान ताबडतोब झालं. तेव्हा सिंहासनाच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, दुभत्याच्या कपाटाखाली ठेवतात तशा. राजाची आंघोळ बंद झाली. साखर सोडायला तो एका पायावर तयार होता, पण सोडणार कशी? त्याने तोंड मिटलं तर लोकांची लग्नं मोडणार. म्हणून रोज सकाळी तो लोकांची सुखं ऐके, मूठ मूठ साखर खाई आणि बोटभर आणखी गोठे.

राणी कुंदलतेला हे पाहवत नसे. असाच राहिला तर महिन्याभरात नवऱ्याच्या जागी साखरेचा पुतळा उरेल, हे तिला दिसत होतं. एका दुपारी ती बागेत एकटीच रडत बसली. जास्वंदीवर एक शिंजीर, इवलासा निळा पक्षी, मध चोखत होता. तो म्हणाला, "राणी, आसवांनी साखर विरघळते. शाप विरघळत नाही."

मग त्याने सगळं सांगितलं: रांजणाची चोरी, कडूबाईचा शाप, आणि तिच्या मळ्यातलं मधुपर्णीचं झाड, ज्याच्या पानात साखरेवाचून गोडी असते. ते पान मागावं लागतं, आणि कडूबाई तीनदा पारखल्याशिवाय देत नाही, असंही सांगितलं. राणीला नवऱ्याचा राग आला, चांगलाच आला. पण रागवायला आधी नवरा शिल्लक हवा. तिने पदर खोचला आणि ती निघाली.

कडूबाई मळ्याच्या दारातच बसली होती. राणी म्हणाली, "आमच्या घरून चूक झाली. माफी मागायला आले आहे, आणि पान मागायला."

"माफी त्याने मागायची," कडूबाई म्हणाली. "पान तू मिळव."

पहिल्या पारखीला तिने काडेचिराइताचा वाडगाभर काढा दिला आणि तोंड वाकडं न करता संपवायला सांगितलं. राणी इतकी वर्षं सासरी नांदली होती. कडू गिळून चेहरा हसरा ठेवणं तिला शिकवावं लागलं नाही.

दुसऱ्या पारखीला सगळा मळा एकसारखा झाला. जिकडे पाहावं तिकडे तेच झाड, तेच पान, आणि चाखावं ते गोडच, कारण चेटकिणीने बाकीच्या झाडांच्या पानापानावर साखरपाणी शिंपडलं होतं. खरं झाड एकच. राणी ढेकळावर बसून राहिली. राजवाड्यात राहून तिला मुंग्यांची सवय झालेली, त्या कुठून येतील, कुठे वळतील, सारं पाठ. थोड्या वेळात रांगा लागल्या आणि झाडाझाडावर चढल्या. एकाच झाडाला वळसा घालून पुढे गेल्या. राणीने त्यावर बोट ठेवलं.

कडूबाईने त्याची पानांनी डवरलेली फांदी खुडून दिली आणि म्हणाली, "आता सीमेपर्यंत जा. वाटेत काहीही ऐकलंस तरी तोंड गोड करायचं नाही. ही तिसरी."

अर्ध्या वाटेत राजवाड्याचा जासूद धापा टाकत समोर आला, हातात पेढ्यांचं ताट. "राणीसाहेब, महाराज बरे झाले. चालू लागले. तोंड गोड करा."

राणीचा हात ताटाकडे गेला. पेढा नाकारला तर ही बातमी खोटी पडणार, आणि ती आपल्याच हाताने खोटी पडणार. जन्मभर तिने हेच ऐकलं होतं. तिने हात मागे घेतला.

"खरी असेल तर माझ्या कोरड्या तोंडानेही खरीच राहील," ती म्हणाली आणि रडत रडत पुढे चालू लागली. सीमेवर वळून पाहिलं, तर जासुदाच्या जागी पाचोळा होता.

ती पोचली तेव्हा राजा छातीपर्यंत गोठला होता. त्याच दिवशी शेजारच्या राज्याशी तह व्हायचा होता, वकील येऊन बसला होता, दरबार भरला होता. मुदपाकखान्यात आनंदीआनंद झाला. आचाऱ्याने दुधाची कढई चढवली आणि राजाच्या इभ्रतीला शोभेल अशी मूठभर पानं टाकली. वर मायेने आणखी एक मूठ. राजाने घोट घेतला आणि त्याचा चेहरा एरंडेल प्याल्यासारखा झाला. दूध कडूजहर होतं. खडीसाखर गळ्यापर्यंत चढली.

चेटकिणीने फसवलं, असा गिल्ला झाला. राणीने मात्र तेच दूध चाखलं. कडवटपणाच्या मागे गोडी होती, इतकी होती की जीभ तिला कंटाळली होती. मग तिच्या ध्यानात आलं, आपण पानाला साखरेची मूठ लावली.

तिने नवी कढई चढवली, फांदीवरचं एक पान खुडलं आणि टाकलं. एकच. प्रधानजी कानाशी येऊन कुजबुजले की परक्या राज्याचा वकील पाहतो आहे, सात पिढ्यांचं नाक कापलं जाईल, लोक राणीसाहेबांना नको ते म्हणतील. राणीचे कान तापले. आजवर तिला तसं कुणी म्हटलं नव्हतं.

"म्हणू देत," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "आज मी कवडीचुंबक. ज्याला प्यायचं नसेल त्याने उठावं."

कुणी उठलं नाही. फजिती अर्ध्यावर सोडून कोण जातो? पेले फिरले. दरबार प्याला. वकिलाने पेला चाटला. प्रधानजींनी आणखी मागितलं आणि मग जीभ चावली. राणीने राजाच्या ओठांना पेला लावला. त्याने कसाबसा घोट गिळला, आणि कोठारात रांजण मधोमध उकलला. आत नदीची वाळू होती.

राजाचा गळा सुटला, छाती सुटली, हात सुटले. तो साखर होऊ लागल्यापासून राणीने त्याला शिवलं नव्हतं. अंगाच्या उबेने तो वितळेल ही भीती. आता तिने दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. तो गरम होता, जरा घामेजलेला होता, आणि तिला तो सोडवेना. चोरीबद्दल आणि थापेबद्दल ती त्याला जे बोलली, ते दरबाराने ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी राजाने भरपूर पाण्याने आंघोळ केली, अनवाणी चालत डोंगरापल्याड गेला, आणि कडूबाईची माफी मागून तिने दिलेला पाल्याचा काढा ओसरीवर बसून प्याला. तह टिकला, लग्नं टिकली, गाई व्यायल्या. तोंडं गोड होत राहिली, एकेका पानावर.

तर मंडळी, चुकलेल्याला माफी मिळो, रागावलेल्याला आपलं माणूस मिळो, आणि ऐकणाऱ्यांच्या घरी मुंग्या थोड्या नि गोडी पुरेशी असो.